उपनगर ६१२, गाव ६०९

रविवार, २ मार्च. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, पुढे घरच्यांना मार्गदर्शन होतं.

तर परिस्थिती अशी. आमची बिस्किटांची फॅक्टरी एक जूनपासून नव्या जागी चालली. नवी जागा अशी अर्धवट आहे की अलीकडे पंधरा मिनिटांवर उपनगर आणि पलीकडे पंधरा मिनिटांवर गाव. कंपनीने प्रत्येकाला एक फॉर्म दिलाय. त्यात राहायला कुठे जाणार याचे दोन चौकोन : उपनगर, गाव. एकावर टिक करायची. कंपनीची बस त्या बाजूने येणार. मुदत तीस एप्रिल.

बाकीचे लोक धांदरटासारखे लगेच टिक करून मोकळे झाले. मी क्वालिटी कंट्रोलचा माणूस. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक खराब बॅच बाहेर गेलेली नाही.

काल रात्री जेवताना घरात जाहीर केलं की निर्णय मी घेईन. कोणीच हरकत घेतली नाही. आप्पा (माझे वडील) म्हणाले, मला खालचा मजला असला की झालं. कन्या आता दहावीत जाणार. ती म्हणाली, शाळा सुरू व्हायच्या आधी ठरवा. ही म्हणाली, कुठेही चल, माझी एकच अट, चौघं एकत्र आणि वेळेत. म्हटलं, पंधरा मार्चच्या आत. ती हसली. विश्वासाने हसली असावी.

सोमवार, ३ मार्च.
तक्ता तयार. एक्केचाळीस निकष. पाणी, हवा, आवाज, शेजार, दवाखाना, डास, सूर्यप्रकाश, मुलीचं भवितव्य वगैरे. प्रत्येक निकषाला भारांक. घरातल्या प्रत्येकाला एकेक प्रत दिली, प्रामाणिकपणे गुण द्या म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च.
तक्ते परत आले. कन्येने फक्त इंटरनेटला गुण दिलेत, दहापैकी दहा, बाकी पान कोरं. आप्पांनी सगळ्या निकषांना पाच-पाच दिले, दोन्हीकडे, का तर कुणाला वाईट वाटायला नको. हिने एक्केचाळीस निकषांवरून तिरपी रेघ मारून लिहिलंय : कुठेही चालेल, पण ठरव.
प्रतिसाद अपूर्ण. तिघांच्या वतीने मीच भरला.

बुधवार, ५ मार्च.
निकाल : उपनगर ६१२, गाव ६०९.
तीन गुणांचा फरक. हा फरक मोजमापाच्या चुकीतही येऊ शकतो. एवढ्यावर निर्णय घेणं म्हणजे बेजबाबदारपणा. प्रत्यक्ष पाहणी करणार. ही म्हणाली, तीनने का होईना, उपनगर पुढे आहे ना? तिला आकडेशास्त्र समजावलं. ती मधेच उठून गेली, बहुधा कुकर लावायला.

रविवार, ९ मार्च.
गाव पाहिलं. मनाने मी मूळचा गावाकडचाच माणूस आहे, हे तिथे उतरल्या उतरल्या जाणवलं. (जन्म शहरात झाला, पण तो माझा दोष नाही.)

घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. अर्ध्या भागात ते एकटे राहतात, अर्धा भाग द्यायचाय. तळमजला, दोन खोल्या, पुढे पडवी. आप्पा पडवीच्या पायरीवर बसले ते उठेचनात. आप्पा पूर्वी नकाशे काढायचे, सरकारी ड्राफ्ट्समन. मुख्याध्यापकांना गावच्या वाचनालयासाठी नवी खोली बांधायचीय. दोघांनी काठीने मातीतच आराखडा काढायला घेतला. ही म्हणाली, आप्पा किती दिवसांनी एवढं बोलले. बसची चौकशी केली तर दिवसातून दोनच. कन्येचं तोंड उतरलं, पण मग तिने फोनला रेंज आहे का पाहिलं, होती.

मी तीन बाटल्यांत पाणी घेतलं. विहीर, नळ, माठ. मुख्याध्यापक म्हणाले, तहान लागलीय का? म्हटलं, सॅम्पल. ते म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत कळवा, घाई नाही.
घाई नाही. हे शब्द नोंदवून ठेवले.

शुक्रवार, १४ मार्च.
पाण्याचा रिपोर्ट आला. आमच्याच लॅबमध्ये करून घेतला. सगळं उत्तम, क्षार थोडे जास्त. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र पाठवलं : आपले घर सशर्त स्वीकारार्ह श्रेणीत आले आहे, खालील सहा त्रुटी एकवीस दिवसांत दूर करून अहवाल सहीनिशी पाठवावा. सोबत फॉर्म जोडला. शिक्षणक्षेत्रातला माणूस आहे, शिस्तीची कदर करेल.
हिने पत्र पोस्टात पडल्यावर वाचलं. (प्रत वाचली.) कपाळाला हात लावून बसली. उन्हाळा लवकर सुरू झालाय यंदा.

बुधवार, १९ मार्च.
माझंच पत्र परत आलं. खाली लाल शाईने शेरा : विद्यार्थी मेहनती आहे, परंतु आमच्या वर्गात बसवता येणार नाही.
‘मेहनती’ म्हटलंय, म्हणजे बोलणी चालू आहेत. आप्पांना दाखवलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि टेरेसवर जाऊन मुख्याध्यापकांना फोन लावला. काय बोलले ते सांगितलं नाही.
पंधरा मार्चची मुदत ही एक अंतर्गत मुदत होती. वाढवली.

रविवार, २३ मार्च.
उपनगर पाहिलं. मला मनापासून वाटतं, मी मुळात आधुनिक माणूस आहे.
सातवा मजला, तीन खोल्या, लिफ्ट दोन. कन्येसाठी शाळा पायी दहा मिनिटं. कोपऱ्यावर पॅथॉलॉजी लॅब. ही गेली बारा वर्षं लॅब टेक्निशियन आहे, तिने दारावरची ‘टेक्निशियन पाहिजे’ची पाटी लांबूनच वाचली. लिफ्ट आहे म्हटल्यावर आप्पांनीही मान डोलावली. सगळे खूश. अशा वेळीच सावध राहायचं असतं, बॅच फार छान दिसली की मी हमखास दुसरा नमुना घेतो.
सेक्रेटरी म्हणाले, शुक्रवारपर्यंत सांगा, आणखी दोघे रांगेत आहेत. ‘दोघे रांगेत आहेत’ हे जगातले सगळेच विक्रेते म्हणतात. मी नुसतं स्मित केलं.

मंगळवार, २५ मार्च.
आवाज मोजायला रजा टाकून उपनगरात. तिन्ही शिफ्टचे नमुने हवेत : सकाळ, दुपार, संध्याकाळ. फोनमध्ये मीटर आहे. आज सकाळचा नमुना. बागेतल्या बाकावर बसून काम केलं.

बुधवार, २६ मार्च.
दुपारचा नमुना घेताना व्यत्यय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सेक्रेटरींना कळवलं की एक इसम कालपासून बायकांच्या खिडक्यांकडे फोन धरून बसतोय. मी सेक्रेटरींना चाळीस मिनिटं सगळी पद्धत नीट समजावली. शेवटी ते म्हणाले, बरं, बरं, जा आता. पटलं त्यांना.

शनिवार, २९ मार्च.
फ्लॅट गेला.
घेणारा कोण? आमच्याच फॅक्टरीतला पॅकिंग सुपरवायझर! म्हणे संध्याकाळी बायकोला घेऊन गेला, दहा मिनिटं फिरला आणि हो म्हणून आला. दहा मिनिटं! त्याला बिचाऱ्याला हेही माहीत नाही की मंगळवारी कचऱ्याची गाडी बरोबर बेडरूमखाली उभी राहते. दया आली. गाडीपायी उपनगराचे आठ गुण कमी केले.
हिला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, मुद्दे तयार होते.

गुरुवार, ३ एप्रिल.
हिने जेवताना सांगितलं की उपनगरातल्या त्या शाळेत मुलीचा प्रवेश घेऊन टाकलाय, नंतर जागा राहिल्या नसत्या. तिथल्या लॅबमध्येही भेटून आले, म्हणाली. मी हे दोन्ही मुद्दे ‘चर्चा चालू’ या सदरात टाकले. जागा ठरायच्या आधी शाळा ठरवणं म्हणजे बिस्किटाआधी पुडा बंद करणं. पण प्रोत्साहन म्हणून काही बोललो नाही.

शनिवार, १२ एप्रिल.
गावाला न्याय द्यायचा म्हणून एकटाच दोन दिवस राहायला आलोय. बसस्टँडमागे एक खोली मिळाली. मुख्याध्यापकांकडे मुद्दाम गेलो नाही, ते आणखी नरम पडू देत.
सकाळी चहाच्या टपरीवर माझी प्रश्नावली वाटली : पाणी किती वेळ येते, शेजारी कसे आहेत, काही त्रास आहे का. अभूतपूर्व प्रतिसाद! अकरा वाजता टपरीपुढे रांग लागली. एका म्हातारीने गटाराची तक्रार लिहवून घेतली, एकाने बांधावरून चुलतभावाशी असलेलं भांडण, एकाने पडकी भिंत. मला साहेब म्हणत होते. चहाचे पैसे घेतले नाहीत कोणी.
ध्यानात आलं की त्यांना मी सरकारी माणूस वाटतोय. पण इतक्या भल्या लोकांचा हिरमोड कसा करायचा? सदतीस तक्रारी घेतल्या. लवकरच बघतो म्हणालो. म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला.
गावाला पंधरा गुण वाढवले.

रविवार, १३ एप्रिल.
सकाळी काही लोक खोलीवर आले. गटारवाली म्हातारी पुढे. ऑफिस कुठलं, कार्ड दाखवा, म्हणू लागले. म्हटलं, मी बिस्किटांतला. पुढचं लिहीत नाही. मुख्याध्यापकांनी मध्ये पडून मला बसमध्ये बसवलं. बस सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. एवढंच म्हणाले, वडिलांना नमस्कार सांगा.
गावाचे वीस गुण कमी केले. पूर्वग्रह म्हणून नव्हे.

सोमवार, २१ एप्रिल.
फॅक्टरीत मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. शिफ्टिंगआधी माझी होल्ड-रूम रिकामी करायचीय. होल्ड-रूम म्हणजे शंका असलेला माल ठेवायची खोली, पिवळं स्टिकर लावून. सध्या छतापर्यंत भरलीय. साहेबांनी एक पुडा फोडून चावला, म्हणाले, हे मऊ पडलंय. म्हटलं, बघा, मला शंका होतीच. ते म्हणाले, अहो पण तुम्ही अडवलं तेव्हा हे कुरकुरीत होतं, इथे राहून राहून मऊ पडलं. पॅकिंग सुपरवायझर मागे उभा राहून हसला.
या विधानात काहीतरी चूक आहे. शांतपणे बसलो की सापडेल.

बुधवार, ३० एप्रिल.
फॉर्मची मुदत आज. सध्याची स्थिती : उपनगर ६०४, गाव ६०४. बरोबरीत! अशा वेळी एका चौकोनावर टिक करणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. दोन्ही चौकोन कोरे ठेवले, सोबत चार पानी टिपण : निर्णय प्रलंबित, मुदतवाढ मिळावी. वर पिवळं स्टिकर. एचआरमधल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला, विचारलं, नक्की असाच घ्यायचा? म्हटलं, नक्की. सही करून पोच दिली.
एवढ्या ठामपणे मी बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं.

बुधवार, ७ मे.
घरमालकांचा निरोप : एकतीस मेला घर रिकामं हवं, त्यांची मुलगी राहायला येतेय. म्हणजे चोवीस दिवस. चोवीस दिवस पुष्कळ झाले.
आप्पा रोज संध्याकाळी मुख्याध्यापकांशी फोनवर बोलतात. वाचनालयाचा नकाशा पूर्ण होत आलाय. जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो, त्यामुळे माझा तक्ता मी मांडीवर घेतो.

सोमवार, १२ मे.
घरात खोकी आलीत. मी विचारलं, कुठली जागा धरून पॅकिंग चाललंय? ही म्हणाली, तू तुझं काम कर. म्हणजे निर्णय अजूनही माझ्याकडेच आहे.

रविवार, १८ मे.
आज तिघं माझ्यासमोर बसले. तिघं एका बाजूला, मी एका बाजूला. मुलाखतीसारखं.
हिने सांगितलं की तिने उपनगरात एक खोली घेतलीय. त्या इमारतीत नाही, शेजारच्या सोसायटीत. एक खोली, स्वयंपाकघर, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिच्या पगारात तेवढंच बसतं. लॅबमध्ये दोन जूनपासून रुजू. शाळा नऊ जूनला. तिथे चार माणसं मावत नाहीत आणि आप्पांना चार जिने झेपत नाहीत. आप्पा म्हणाले, मी मुख्याध्यापकांकडे जातो, त्यांनीच बोलावलंय, त्यांनाही सोबत. म्हणाले, तुझ्या पत्राबद्दल मी माफी मागितली होती तेव्हाच.
मी हिला आठवण करून दिली की चौघं एकत्र ही तिची अट होती. ती म्हणाली, होती. मी म्हटलं, मला दोन आठवडे दे. ती म्हणाली, तुला अकरा आठवडे दिले. रागावून म्हणाली नाही. मला तिच्या डोळ्यांत राग शोधायचा होता, सापडला नाही. फार दमलेली दिसली.
कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही रविवारी या ना.
मी तक्त्यात रविवारचा रकाना आखला.

सोमवार, १९ मे.
शांत डोक्याने विचार केला. ही व्यवस्था तात्पुरती आहे आणि एका अर्थी उत्तमच. दोन्ही ठिकाणी माझी माणसं राहणार, म्हणजे मला दोन्हीकडची खरी माहिती एकाच वेळी मिळणार. असा प्रयोग कुठल्याही कुटुंबाने केला नसेल. मी नव्या फॅक्टरीत, बरोबर मध्यभागी. पंधरा मिनिटं इकडे, पंधरा मिनिटं तिकडे. हिवाळ्यापर्यंत निकाल लागेल, मग सगळे एकत्र.
हिला सांगायला गेलो, ती खोक्यांवर नावं लिहीत होती. तिचं, मुलीचं, आप्पांचं. तुझी पुस्तकं कुठे टाकायची, तिने विचारलं. म्हटलं, होल्ड.

रविवार, २५ मे.
सामान गेलं. दोन टेम्पो, दोन दिशांना. आप्पा पुढच्या सीटवर बसले, नकाशाची गुंडाळी मांडीवर. त्यांनी खिडकीतून हात काढून माझा खांदा धरला आणि म्हणाले, तब्येतीला जप. मी म्हटलं, पाण्यातले क्षार बघत जा. टेम्पो सुटला.
कुठल्या टेम्पोमागे हात हलवावा ते कळेना. दोन्ही एकदमच वळले.

बुधवार, २८ मे.
नोटीसबोर्डावर नव्या फॅक्टरीच्या बसची यादी लागली. उपनगराच्या यादीत माझं नाव नाही. गावाच्या यादीतही नाही. छपाईची चूक म्हणून एचआरकडे गेलो. बाईंनी माझाच फॉर्म काढला. म्हणाल्या, कोऱ्या फॉर्मचा अर्थ ‘स्थलांतरास इच्छुक नाही’ असा धरतात, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी जगातलं कुठलंही बारीक अक्षर सोडत नाही. हे सोडलं होतं.
म्हटलं, टिपण जोडलं होतं. त्या म्हणाल्या, चार पानं होती हो, कोणी वाचली नाहीत.
मला जुन्या फॅक्टरीत ठेवलंय, यंत्रं उचलून होईपर्यंत. ऑगस्टअखेर. नंतर बघू, म्हणाल्या.
मी खूप वेळ त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. मला रडू येत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

शनिवार, ३१ मे.
घरमालकांना किल्ली दिली. फॅक्टरीमागच्या लॉजमध्ये खोली घेतली. खिडकी, खाट, एक खुर्ची. चांगली आहे की वाईट ते पाहिलंच नाही, पहिली दाखवली ती घेतली.

गुरुवार, ५ जून.
फॅक्टरीत आता मी, दोन फिटर आणि वॉचमन. ओव्हन थंड झाल्यापासून शेडमध्ये कसलाच वास नाही. होल्ड-रूममधला माल ट्रकने गुरांच्या खाद्याला गेला, मी पोचपावतीवर सही केली.
हिचा फोन नाही. कामात असेल. पहिला आठवडा आहे. आप्पांचा आला, वाचनालयाचा पाया खणायला घेतलाय. खूप बोलत होते. मी विचारलं, माझी आठवण काढता का? म्हणाले, मुख्याध्यापक रोज विचारतात. मी आप्पांबद्दल विचारलं होतं.

रविवार, १५ जून.
उपनगरात गेलो. पहिल्या बसने. स्वच्छ शर्ट.
गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं. कुणाकडे : फ्लॅट नंबर मला ठाऊक नव्हता, हिला फोन करून विचारला. कामाच्या रकान्यात ‘घरी’ लिहिलं. तो म्हणाला, असं चालत नाही साहेब, कोण ते लिहा. म्हटलं, मी नवरा. त्याने आपली वही काढून बोट फिरवलं, म्हणाला, त्या फ्लॅटवर दोनच नावं आहेत, आई आणि मुलगी. मी त्याला तात्पुरत्या व्यवस्थेची संकल्पना समजावू लागलो. मागे दूधवाला, सिलिंडरवाला, सगळे खोळंबले.
मग कन्या खाली आली. म्हणाली, काका, माझे बाबा आहेत, जेवून जातील. माझ्या हातातलं पेन घेऊन तिने ‘घरी’ खोडलं आणि स्वच्छ अक्षरात ‘पाहुणे’ लिहिलं. किती सहज लिहिलं. तिचा काही दोष नाही, लोक खोळंबले होते.

चार जिने चढलो. दोन खुर्च्या होत्या, तिसरी शेजारून आणली. हिने वाढलं. लॅबमधल्या गमती सांगत होती, मुलीला सांगत होती, मी ऐकत होतो. पूर्वी हसायची तशी हसली एकदा. मला भाजी आणखी हवी का, असं विचारलं. पूर्वी विचारायची नाही, वाढायची.
फोनमधलं आवाजाचं मीटर मी बाहेर काढलं नाही. काढायची गरजच नव्हती, शांत होतं. खिडकीतून वारा येत होता. भिंतींना ओल नाही. नळाला पाणी. चांगली खोली आहे. दहा मिनिटांत पास केली असती.
हिला म्हणालो तसं. ती ताटं उचलत होती. म्हणाली, हो ना.
निघताना विचारायचं होतं की चौथ्या माणसाचं सोडा, तिसऱ्याची जागा कशी करता येईल, खाट भिंतीला लावली तर. मोजून आलो होतो डोळ्यांनी. पण चारला मुलीचा क्लास होता आणि हिला कपडे वाळत घालायचे होते.

गेटवर वॉचमनने पुन्हा रजिस्टर पुढे केलं, बाहेर पडायची वेळ भरा म्हणाला. आत ११.१०. बाहेर ३.४०. मी त्याला म्हटलं, दर रविवारी येणार आहे, माझं नाव कायमचं लिहून ठेवा ना. तो म्हणाला, राहणाऱ्यांचंच लिहितो आम्ही.